लोकर काय म्हणती

"चांगुणे, ऊठ गं माय. लोकर काय म्हणती, बघ जा."

आबांची ही हाक अजून माझ्या कानात आहे. माणदेशच्या माळावर, शाळू निघालेल्या रानात आमचा वाडा पडलेला असायचा. आम्ही धनगर, आमचा वाडा म्हणजे भिंतींचं घर नव्हे. चार मेखा, त्यांना ताणलेली सुताची जाळी, जाळीत मेंढरं, बाहेर तीन दगडांची चूल आणि उघड्यावर अंथरलेली घोंगडी. ज्याला रानात खत हवं त्याच्या रानात मेंढरं बसवायची, आठ दिवसांनी मेखा उपटून पुढचं रान गाठायचं.

तांबडं फुटलं की आबा हाक द्यायचे आणि मी डोळे चोळत जाळीत शिरायची. एखाद्या मेंढीच्या पाठीवर हात टेकायचा, बोटं लोकरीत पार मुळापर्यंत घालायची. लोकर फुललेली, कुरकुरीत लागली की दिवस कोरडा. बसकी, गार, भिजट लागली की कुठंतरी आभाळ भरतंय, मग डोळ्यांना ते निळंशार का दिसेना. गड्यांचे हात बाभळीच्या सालीसारखे राठ. लोकर त्यांच्याशी बोलत नाही, असं आमच्यात म्हणत. म्हणून हे काम घरातल्या पोरीचं. आधी माझ्या आत्याचं होतं. ती नांदायला गेली आणि ते माझ्याकडं आलं.

चैतात तर या हाताला फार मोल. चैतात मेंढरांची कातरण असते. कातरलेलं मेंढरू म्हणजे नुकतं जन्मलेलं लेकरू. आठ-दहा दिवस त्याच्या अंगाला ना ऊन सोसत ना थंडी. त्यात चैताचं आभाळ लहरी. म्हणून नेम असा, की भिजट लोकरीला कातर लावायची नाही. चार दिवस थांबावं लागलं तरी थांबायचं.

मला अठरावं सरत होतं. आटपाडीकडच्या एका घरानं मला मागणी घातली होती. माणसं चांगली होती, आबांनी चैत सरल्यावर उत्तर देतो म्हणून सांगितलं होतं. आणि माझं मन मात्र दुसऱ्याच वाड्याभोवती फिरत होतं. नदीपलीकडं लांबच्या नात्यातल्या लोकांचा वाडा उतरला होता. त्यात म्हसू होता. सावळा, उंच, हसला की आधी डोळे हसायचे. दरसालच्या कातरणीला ते लोक आमच्या मदतीला यायचे, दोन्हीकडची मेंढरं एका जागी आणून एकाच दिवशी कातरायची असा रिवाज. वर्षातून तो एक दिवस मला म्हसू दिसायचा. मागच्या वर्षी त्यानं कातरता कातरता मला विचारलं होतं, "तुझं नाव चांगुणा कुणी ठेवलं?" मी म्हटलं होतं, "आत्यानं." तो म्हणाला, "बरं झालं. मला आवडतं." एवढंच. त्या एवढ्यावर मी वर्ष काढलं होतं.

यंदाच्या कातरणीचा दिवस ठरला होता. त्या दिवशी कातरण झाली नाही, तर त्यांचा वाडा दुसऱ्याच दिवशी जतच्या दिशेनं निघणार होता, कातरण पुढं वाटेत करायला. मग पुढच्या चैतापर्यंत भेट नाही. आणि पुढच्या चैतात मी कुठं असणार, हे मला ठाऊक होतं.

त्या सकाळी आबांनी हाक दिली तेव्हा मी जागीच होते. उठले, जाळीत गेले. रात्रभर मेंढरं पांगून बसायची, ती त्या दिवशी एकमेकींना चिकटून उभी होती. कोकरं आयांच्या पोटाखाली. शेळी दाव्याला ओढ देत नव्हती, एरवी ती सगळ्यांच्या आधी चरायला निघायची. मोत्या कुत्र्यानं चुलीशेजारची माती उकरून खड्डा केला होता आणि त्यात नाक खुपसून पडला होता. पाकोळ्या पार गुडघ्याएवढ्या उंचीवरून उडत होत्या.

बाकी नावाची आमची एक जुनी मेंढी होती. तिच्या पाठीवर मी हात ठेवला. बोटं आत घातली.

लोकर गार होती. बसकी. ओल्या भाकरीसारखी.

मी हात काढला, परत घातला. दुसरी मेंढी धरली, तिसरी धरली. परवा सगळी डोहात धुतली होती; त्याचीच ओल राहिली असेल, असं मी मनाशी म्हटलं. दोन दिवस कडक ऊन पडलेलं मला आठवत होतं, तरी म्हटलं.

आबा जाळीबाहेर उभे होते. "काय म्हणती?"

मी बाकी मेंढीच्या कानातली गोचीड काढत बसले. "कोरडी हाय."

"बघितलीस नीट?"

"व्हय आबा. कुरकुरती."

आबांनी माझ्या हाताकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं. पलीकडं निरोप धाडतो."

ते लोक दिवस कासराभर वर आला तेव्हा आले. पुढं त्यांची मेंढरं, मागं घोडं, घोड्यामागं म्हसूचे चुलते भिवानाना आणि सगळ्यांच्या मागं, खांद्यावर काठी आडवी टाकून, दोन्ही हात तिच्यावर लोंबकळत सोडून म्हसू. आईनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "भाकरी करपली बघ."

"कुठं करपली?"

"तव्यावर. नदीकडं काय बघतीस?"

बाभळीखाली पालाचं जाड कापड अंथरलं. कातरणारे चौघं बसले, आम्ही बायका मेंढरं धरायला. मेंढीचे पाय बांधायचे, तिला आडवी करायची, मान मांडीवर घ्यायची. म्हसूच्या समोरची मेंढी माझ्या मांडीवर आली. कशी आली, मी आणली का त्यानं ओढली, हे मला आज विचारू नये.

कातर चालायला लागली की गाणं आलंच. भिवानानांनी सुरुवात केली, बाकीच्यांनी धरलं. मग पाळी म्हसूची. त्यानं मान खाली ठेवूनच म्हटलं :

*चैताचं ऊन बाई, परगावचा पाव्हणा*
*सकाळी शब्द देतो, सांजंला वळखंना*

"कुणाला म्हणतूयास रं?" भिवानाना हसले.

"उन्हाला, नाना. दुसऱ्या कुणाला म्हणू?"

आमच्या वाड्यातली गोदाकाकू तोंडाला पदर लावून खुदखुदली. मी मेंढीचा कान कुरवाळत राहिले. दोन-तीन मेंढ्या झाल्या. म्हसूनं कातर थांबवली, पाती मांडीवर पुसली, परत लावली, परत थांबवली.

"कातर जड चालतीया आज," तो हळूच म्हणाला.

"धार लावून आणायची की, पाव्हणं."

"धार हाय. लोकरच मिठी मारतीया."

मी वर बघितलं नाही. त्यानं कातरलेल्या लोकरीची एक बट उचलली, चिमटीत दाबली. मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा उठेल आणि ओरडेल, कातर ठेवा म्हणून. त्यानं ती बट ढिगावर टाकली.

"धर नीट," तो म्हणाला. "पाय सोडवाया बघतीया."

आणि कातरत राहिला. तोही कातरत राहिला.

दुपारपर्यंत दोन्हीकडची निम्मीहून जास्त मेंढरं उघडी झाली. पांढरी, गुलाबीसर, कातरीच्या पट्ट्यापट्ट्यांची. आपल्याच अंगाला लाजल्यासारखी ती एका बाजूला उभी राहिली. जेवणं उरकली. म्हसू पाणी प्यायला हंड्याशी आला. मी तांब्या दिला. त्यानं घोट घेतला, तोंड उघडलं, काहीतरी बोलणार होता.

तेवढ्यात वारं थांबलं.

नुसतं थांबलं नाही. कुणीतरी गळा धरावा तसं थांबलं. बाभळीचं पान हलेना. पश्चिमेकडं एक ढग होता, जांभळाच्या रंगाचा, आणि त्याच्या पोटात हिरवट उजेड. भिवानाना उभे राहिले. "दैवा," एवढंच म्हणाले.

पहिली गार पालावर पडली. सुपारीएवढी. मग दुसरी तव्यावर, ठण्ण. मग मोजायला काही उरलं नाही.

"न कातरलेली भायेर! उघडी आत! आत घाला!" म्हसू ओरडत होता. त्याला ते तेवढ्या घाईतही सुचलं. अंगावर लोकर असलेल्या मेंढरांची त्यानं कड केली आणि कातरलेली मधे रेटली. मेंढरं स्वतःच डोकी एकमेकींच्या पोटाखाली घालून गोल झाली. वरून पाठी तेवढ्या दिसत होत्या आणि त्या पाठींवर गारा उडत होत्या. आम्ही घोंगडी टाकली, पाल टाकलं. आबांनी सकाळपासून कातरलेली लोकर मिठ्या मिठ्या भरून आणली आणि त्यांच्याच अंगावर परत टाकायला लागले. जिची काढली तिलाच. ती ओली होऊन घसरत होती, आबा परत टाकत होते.

मी दोन कोकरं छातीशी धरून बाभळीच्या बुंध्याला टेकले होते. समोर दहा हातांवर ढेकळात टिटवी बसली होती. तिची अंडी होती तिथं. सकाळी शेण गोळा करताना मी चुकवून चालले होते. टिटवी एरवी माणूस दिसला की आभाळ डोक्यावर घेते. आता ती पंख पसरून, मान आवळून बसली होती, तोंडातून आवाज नाही. एक गार तिच्या पाठीत बसली. ती सरकली, पण उठली नाही.

आणि ओढ्याच्या काठाला, करवंदीच्या जाळीखाली लांडगा होता. मी त्याला बघितलं. त्यानं मला बघितलं. त्याच जाळीखाली, त्याच्यापासून चार हातांवर, आमचा मोत्या होता. दोघांच्याही शेपट्या पोटाखाली. दोघंही मेंढरांकडं बघत नव्हते.

गारा फार वेळ पडल्या नसतील. थांबल्या तेव्हा सगळं रान पांढरं होतं, मीठ पसरल्यासारखं. पाकोळ्या जागोजाग पडल्या होत्या. गारांनी मेंढरं थोडी मेली. गारांमागून जे वारं सुटलं, त्यानं जास्त मारली. उघड्या अंगाला ते वारं झोंबलं आणि एकेक मेंढी पुढचे पाय दुमडून बसायला लागली. बसली की उठायची नाही. म्हसू एकेकीला उभी करत होता, पाठ चोळत होता, कानात ओरडत होता. "ऊठ की गं! ऊठ की!" त्याच्या हातांवर कातरीचे आणि गारांचे ओरखडे. त्यानं एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. शाळूची धसकटं पेटवून बघितली, ओली, पेटेनात.

दिवस मावळायच्या आत आमची सव्वीस गेली. त्यांची एकवीस.

बाकी मेंढीही गेली. तिच्या पाठीवर आबांनी टाकलेली लोकर तशीच होती.

भिवानाना सगळ्या मेंढरांमधून हिंडून परत आले. डोईचं मुंडासं काढून हातात घेतलं होतं. म्हाताऱ्या माणसाचं उघडं डोकं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"सकाळी लोकरीला हात कुणी लावलावता?" त्यांनी विचारलं.

वारं तेवढं वाजत होतं. मी पाऊल उचललं, खरंच उचललं होतं.

"मी," आबा म्हणाले.

भिवानाना आबांच्या हातांकडं बघत राहिले. त्या हातांना निखारा कळायचा नाही, ते सगळ्या धनगरवाड्यांना ठाऊक होतं. म्हसूनं आबांच्या हातांकडं बघितलं. मग त्या दिवसात शेवटचं माझ्याकडं. भिवानानांनी मुंडासं परत बांधलं, सावकाश, एकेक पीळ देत.

"तुझा हात?" ते म्हणाले.

"माझाच. पोरीची काय चूक न्हाई. ती निजली व्हती."

ते लोक उरलेली मेंढरं घेऊन नदीपार गेले. उघडी मेंढरं घोंगड्यांत गुंडाळून घोड्यावर, खांद्यावर, कडेवर. म्हसूच्या खांद्यावर एक मेंढी होती, तिची मान त्याच्या पाठीवर डुलत होती. नदीत उतरेपर्यंत मी बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी मला हाक दिली नाही. तांबडं फुटायचं, मी जागी असायची, कान आबांच्या दिशेला. ते उठायचे, खाकरायचे, जाळीशी जाऊन आभाळाकडं बघायचे. लोकर काय म्हणती, हे त्यांनी मला परत कधी विचारलं नाही. कुणालाच विचारलं नाही. मी मार मागत होते, शिवी मागत होते. त्यांनी तेवढंही दिलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. माझं खोटं कळूनही ते दडवून आहेत, की खरंच त्यांना माझ्यावर भरवसा आहे, हे मला कळेना, आणि विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणून मी विचारलं नाही.

त्या वर्षी लग्नाचं कुणी नाव काढलं नाही. पुढच्या वैशाखात मी आटपाडीला नांदायला गेले. नवरा चांगला होता. शांत, कामाचा, हात न उगारणारा. तीन लेकरं झाली. आमच्या घरी मेंढरं नव्हती, विहीर होती, डाळिंबं होती. चैतात डाळिंबाच्या फुलोऱ्यावर ढग आले की नवरा आभाळाकडं बघत अंगणात फेऱ्या घालायचा. मी दाराच्या चौकटीला टेकून बघायची. कुठल्याशा मेंढरांच्या कळपाच्या घंटा रस्त्यानं वाजत गेल्या, की मी हातातलं काम ठेवून बाहेर जायची. पुढं चालणारा कुणी, मागं चालणारा कुणी. काठी आडवी खांद्यावर टाकलेला कुणी दिसला की मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहायची. जवळ आला की दुसराच कुणी असायचा. असं किती चैतांत झालं, मी मोजलं नाही.

गेल्या साली नवरा गेला. दिवसकार्य झालं, पाव्हणे पांगले, आणि चैताच्या सुरुवातीला मी माहेरी आले. आई केव्हाच गेली होती. आबांनी मेंढरं कधीच विकली होती. धाकटा भाऊ जमीन कसतो, आबा त्याच्या अंगणात बाजेवर बसतात. नव्वदीचे असतील. डोळ्यांना सावल्या दिसतात, कान मात्र शाबूत. मी गेले तेव्हा दुपार टळत होती. भावजय रानात होती. मी त्यांच्या पायाशी बसले, त्यांच्या हाताला तेल लावायला घेतलं. ते हात आता मऊ झाले होते. राठपणा कधी गळून गेला, मला माहीत नव्हतं.

"आबा," मी म्हटलं, "त्या कातरणीच्या सकाळी..."

"कुठल्या?"

"गारांच्या. लोकर भिजट लागलीवती माझ्या हाताला. मी खोटं सांगितलं तुमाला."

चाळीसहून जास्त वर्षं मी हे वाक्य तोंडात फिरवलं होतं. बाहेर पडल्यावर ते अगदी लहान वाटलं.

"ते मला तवाच कळलं," ते म्हणाले. "तू मेंढीचा कान धरून बोललीस. खरं बोलताना तू कधी मेंढीचा कान धरत न्हवतीस."

"मग कातरण का करू दिलीत?"

"वाटलं, एक दिस हाय पोरीचा. निघंल." त्यांनी श्वास सोडला. "चैताचं आभाळ दर बारीला कुठं खरं करतंय? सव्वीस मेंढरं तुझ्या एकटीच्या माथी न्हाईत, चांगुणे. माझ्या बी हाईत."

मी त्यांच्या बोटांना तेल चोळत राहिले. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. अंगणातल्या शेळीनं कडबा ओढला. आबांनी हात माझ्या हातातून सोडवून घेतला आणि गुडघ्यावर ठेवला.

"जावई व्हते तवर बोलायचं न्हवतं," ते म्हणाले. "आता हरकत न्हाई. आन् मी तरी किती दिसांचा?"

"काय बोलायचं न्हवतं?"

"पुढल्या चैतात त्यो आलावता. एकटाच. तू आईसंगं पाण्याला गेलीवतीस."

मी कोण म्हणून विचारलं नाही.

"बांधावरच हुबा ऱ्हायला. बस म्हनलं, तर बसंना. म्हनला, मामा, चांगुणा मला द्या. मी म्हनलं, तुमची एकवीस मेंढरं माझ्या वाड्यात मेली, तुझ्या घरचं काय म्हणतील? तर म्हनला, मेंढरं पुन्हा हुतील. म्हनला, लोकरीला हात कुणी लावलावता मला ठावं हाय, आन् ती खोटं का बोलली ते बी ठावं हाय. म्हनून तर आलोय."

आबांचा आवाज खाली गेला. मी पुढं वाकले.

"त्यो इसरला असता, पोरी. त्याची आई इसरली नसती. दर चैतात तुला त्या घरानं त्या एकवीसांची याद दिली असती. माझा धीर झाला न्हाई. मी म्हनलं, आटपाडीला दिली तिला, सुपारी फुटली." त्यांनी माझा हात चाचपडत शोधला. "फुटली न्हवती गं. दुसऱ्या दिशी मी सोताच जाऊन फोडून आलो."